स्वस्तातलं नेमबाजी साहित्य पारखायचं कसं : कोल्हापूरच्या नवोदितांसाठी

पहिले दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका. रेंजवर क्लबची रायफल असते, सगळ्यांत मिळून वापरायचं जॅकेट असतं. ते नेमकं तुमच्या मापाचं नसेल, त्याला घामाचा वास येत असेल, तरी त्यातच सुरुवात करा. उभं कसं राहायचं, डावं कोपर कमरेच्या हाडावर कुठे टेकतं, गाल स्टॉकवर (रायफलीच्या मागच्या दांड्यावर) कुठे बसतो, हे आधी शरीराला कळावं लागतं. ते कळल्याशिवाय साहित्य चांगलं की वाईट हे ठरवायला तुमच्याकडे काही मापच नसतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं. त्याच्या कितीतरी आधी, २०१० मध्ये, तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलचं सुवर्ण आणलं. ही नावं ऐकून मुलांना रेंजवर घेऊन येणारे पालक मी नेहमी बघतो. त्यांतले बरेचसे साध्या घरचे असतात. नवी मॅच रायफल लाखांत जाते, त्यामुळे बाकीच्या साहित्यात चार पैसे वाचवावेत असं वाटणं रास्तच आहे. आणि ते वाचतातही. फक्त कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे आधी समजून घ्या. खाली लिहिलंय ते १० मीटर एअर रायफल डोळ्यांसमोर ठेवून, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

पैसे कुठे घालायचे ते आधी ठरवा

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो फक्त ०.५ मिलिमीटरचा. एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर २.५ मिलिमीटर. रायफलीवरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये (ज्यांतून नेम धरतात) पाऊण मीटर अंतर धरलं, तर मागची साइट ०.१ मिलिमीटर जरी हलली तरी टार्गेटवर गोळी सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त सरकते. म्हणजे अर्धी रिंग गेली, आणि पोरगं बिचारं आपलंच काही चुकतंय म्हणून रडकुंडीला येतं.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जे अंगाला भिडतं (शूज, जॅकेट, पॅन्ट, ग्लोव्ह) आणि जे गोळीची दिशा ठरवतं (साइट आणि पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी), तिथे माल पारखून घ्या, लागलं तर चार महिने थांबून घ्या. स्टँड, बॅग, टोपी, ब्लाइंडर (नेम न धरणारा डोळा झाकायची पट्टी), सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी आहे हे दाखवणारी दोरी) यांवर जास्त खर्च करायची काहीच गरज नाही.

ऑनलाइन शोधायला गेलात की ‘टॅक्टिकल’ असा शिक्का मारलेला ढीगभर माल समोर येतो : दुर्बिणीसारखी स्कोप, लेझर, बायपॉड, बोटं उघडी असलेले काळे हातमोजे, कॅमोफ्लाज जॅकेट. फोटो आकर्षक, किंमत कमी. १० मीटरच्या स्पर्धेत यातलं काहीही चालत नाही. तिथे भिंगाची दुर्बीण नाही, लेझर नाही, टेकू नाही, आणि उभ्यानं मारायच्या या प्रकारात स्लिंगचा पट्टासुद्धा लावता येत नाही. स्वस्त स्कोपची आणखी एक भानगड आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीला मागे-पुढे असा दुहेरी झटका असतो, त्यात आतली भिंगं सैल होतात आणि झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी, टिकत नाही. मुलानं कितीही हट्ट केला तरी या पानावरून सरळ पुढे जा.

जॅकेट : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नवशिक्या पालकांना वाटतं, जॅकेट जितकं ताठ आणि घट्ट तितकं चांगलं. विकणाराही तेच सांगतो. नियम मात्र उलट आहेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे जॅकेटच्या कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटर आणि दुहेरी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ताठपणाही मोजतात : ६० मिलिमीटर व्यासाच्या पोकळ नळकांड्याच्या तोंडावर कापड ठेवून वरून एक किलोचं वजन देतात, आणि कापड निदान ३ मिलिमीटर दबलं पाहिजे. नाही दबलं तर जॅकेट बाद. एका स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर एका मुलीचं कोरं करकरीत जॅकेट असं बाद झालेलं मी पाहिलंय. दुसऱ्याच्या ढगळ जॅकेटमध्ये तिला साठ गोळ्या माराव्या लागल्या. विकणाऱ्यानं पैसे परत दिले नाहीत.

स्वस्त जॅकेट बनवणारे काही जण साध्या कॅनव्हासला आतून डिंक किंवा रेझिन मारून ताठ करतात. ते ओळखायचं असं : कापडाची एक घडी करून दोन बोटांत जोरात दाबा आणि सोडा. चांगला कॅनव्हास हळूहळू सरळ होतो आणि घडीची खूण पुसट राहते. डिंक मारलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते, कधी बारीक कुरकुर ऐकू येते. दोन महिन्यांत ते जॅकेट नेमकं त्याच रेघेवर, कमरेपाशी, मोडतं.

मग माप. जॅकेट घालून बटणं लावा आणि आपल्या पोझिशनमध्ये उभे राहा. हातात रायफल हवीच, मोकळ्या हातानं काही कळत नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकल्यावर तिथे कापडाचा गोळा होता कामा नये. उजव्या खांद्यावर बट प्लेट (रायफलीचं मागचं टोक) बसते त्या जागी शिवण आडवी आली तर प्रत्येक गोळीला बट वेगळ्या ठिकाणी बसेल. पाठ वळवली की कॉलर मानेत रुतते का तेही बघा.

यानंतर नियमातली एक चाचणी घरीच करता येते. बटणं लावल्यावर जॅकेट अंगाला चिकटून बसायला नको, सैल लोंबायला हवं. त्यासाठी तपासनीस पुढची बाजू नेहमीच्या जागेपासून आणखी ओढून बघतात. बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरच्या कडेपर्यंत निदान ७० मिलिमीटर ती सरकली पाहिजे. शिंप्याची टेप घ्या आणि मोजा. आत स्वेटर घालून मोजू नका, कारण आतल्या कपड्यांच्या जाडीलाही २.५ मिलिमीटरची मर्यादा आहे.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी थोडं मोठं जॅकेट घेऊन बटणं आत सरकवून घेणं हा चांगला मार्ग आहे. चामड्याचं काम करणारा कोणताही हुशार कारागीर ते करून देतो, आणि असे कारागीर कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. त्याला एवढंच बजावा : आतून पट्टी चिकटवायची नाही, जादा चामडं लावायचं नाही, दोरी किंवा वेलक्रो लावून कमर आवळायची नाही. त्यातल्या प्रत्येक गोष्टीनं जॅकेट नियमाबाहेर जातं.

जुनं जॅकेट घेत असाल तर कोपरावरचं आणि खांद्यावरचं रबर बघा. नवं असताना ते खरखरीत असतं. घासून गुळगुळीत आणि चकचकीत झालं असेल तर बट घसरणार. अंगठ्यानं कमरेच्या डाव्या बाजूचा कॅनव्हास दाबा आणि तेच पाठीवर करा. दोन्हीकडे सारखं लागलं तर त्या जॅकेटमध्ये अजून जीव आहे. डावी बाजू लुळी पडली असेल तर किंमत कितीही कमी असू दे, सोडून द्या. पॅन्टलाही हेच सगळं लागू, फक्त तिथे गुडघ्यामागची घडी जास्त काळजीनं बघा.

शूज आणि ग्लोव्ह

बजेट फारच तंग असेल तर सगळ्यात आधी शूज घ्या. सपाट तळव्यानं शरीराचा डोल कमी होतो आणि फरक पहिल्याच आठवड्यात दिसतो. पारखायची रीत सोपी : दोन्ही शूज काचेच्या टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि टाचेवर, चवड्यावर बोटानं दाबा. डुगडुगले तर नको. मग हातात धरून चवड्यापाशी वाकवा. सोल वाकलंच पाहिजे, न वाकणारं सोल तपासणीत अडकतं. पुढच्या बाजूला सोलची जाडी १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि वरच्या भागाचं चामडं ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको.

सोल झिजलं तर चप्पल लाइनमध्ये किंवा ओळखीच्या कारागिराकडे बदलून मिळतं, आणि बाहेरून मागवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. दोन्ही पायांचं सोल एकाच वेळी, एकाच शीटमधून कापून घ्या, आणि काम झाल्यावर व्हर्नियरनं जाडी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. हे शूज घालून गाडीवर बसायचं नाही, रस्त्यावर चालायचं नाही. रेंजच्या दारात बदला.

उजव्या हातानं मारणाऱ्याला ग्लोव्ह फक्त डाव्या हातात लागतो. त्याची पुढची-मागची मिळून जाडी १२ मिलिमीटरच्या आत हवी आणि मनगटाला वेलक्रोची पट्टी नको. स्वस्त ग्लोव्हचं अस्तर घामानं गोळा होतं, म्हणून आत बोटं घालून अस्तर ओढून बघा. शिवून पक्कं असेल तर घ्या, नुसतं चिकटवलेलं असेल तर पावसाळ्यात सुटेल.

साइट : डोळ्यांवर नाही, कागदावर विश्वास ठेवा

मागची साइट, म्हणजे डायऑप्टर, बाहेरून बघून कळत नाही. स्वस्तातली आणि महागातली दोन्ही काळी, दोन्हींना चाकं, दोन्ही टकटक वाजतात. आधी रायफलीवर बसवून स्क्रू आवळा आणि बोटानं बाजूला ढकलून बघा. किंचितही हालचाल जाणवली तर पुढे जाऊच नका. मग कागदावर तपासा.

यासाठी रायफल टेकून मारायची, म्हणजे माणसाची चूक त्यात येत नाही. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही तोंडं शिवली की झाली सँडबॅग. रेंजवर, सरांच्या समोर, एका टार्गेटवर पाच गोळ्या मारा. आता साइट वीस क्लिक (चाकाचे वीस ‘टक’) वर घ्या, पाच मारा. वीस उजवीकडे, पाच. वीस खाली, पाच. वीस डावीकडे, पाच. नेम पूर्णवेळ त्याच जागी धरायचा. कागदावर चौकोन उमटायला हवा, आणि शेवटच्या पाच गोळ्या पहिल्या पाचांवरच पडायला हव्यात.

आता तो कागद नीट वाचा. चौकोनाच्या बाजू तिरक्या असतील तर साइट रायफलीवर वाकडी बसलीय, बहुधा क्लॅम्प किंवा रेल घासलेली आहे. समोरासमोरच्या बाजू लहान-मोठ्या असतील तर आतला स्क्रू झिजलाय आणि क्लिक सारखे नाहीत. सुरुवातीचा आणि शेवटचा ग्रुप (पाच गोळ्यांचा पुंजका) एकमेकांवर येत नसतील तर साइटमध्ये ढिलाई आहे : एका दिशेनं फिरवून परत आणताना मधले एक-दोन क्लिक वाया जातात. थोडी ढिलाई असलेली साइट वापरता येते, नेहमी एकाच दिशेनं येऊन थांबायची सवय लावली तर. क्लिक असमान असतील तर मात्र कुठलीही सवय कामाला येत नाही.

हाच कागद विकत घेताना मागा. सेकंड हँड साइट विकणारा माणूस ही चाचणी करू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सिलिंडर : इथे काटकसर करायची नाही

कॉम्प्रेस्ड एअर रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार, काहींत ३०० बार दाब असतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि साधारणपणे त्याची मुदत दहा वर्षांची असते. जुनी रायफल बघायला गेलात की बॅरलच्या आधी ही तारीख वाचा. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नव्याचा खर्च बराच असतो. रायफल ‘स्वस्तात’ मिळतेय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा हेच कारण निघतं.

गळती बघायला सिलिंडर लावून रात्री गेजचा काटा बघा आणि सकाळी परत बघा. एकही गोळी न मारता काटा खाली आला असेल तर सील गेलंय. रबरी ओ-रिंग बदलणं सोपं आहे, पण त्यांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावायचं. मशीनचं किंवा गाडीचं तेल दाबाखालच्या हवेत पेटू शकतं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो, कारण आपल्या शहरात ही शक्यता खरोखर आहे. उद्यमनगरात वेल्डिंगच्या दुकानांत ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर सहज दिसतात. रायफलीचं सिलिंडर तिथून कधीही, एकदाही भरून घेऊ नका. ऑक्सिजन आणि थोडासा तेलकटपणा एकत्र आला की स्फोट होतो. फक्त कोरडी, स्वच्छ, दाबलेली हवा भरायची : रेंजवरच्या सिलिंडरमधून, नाहीतर हातपंपानं. हातपंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या हवेत इतकं पाणी असतं की फिल्टर नसेल तर सिलिंडर आतून खराब होतं.

उद्यमनगरात करून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या. साइटखालचे ॲल्युमिनियमचे रायझर, बॅरलवरची वजनं, बट प्लेटचा स्पेसर : हे टर्नर सुबक करून देतात, नमुना आणि माप दिलं की झालं. रायफलीचं एकूण वजन ५.५ किलोच्या वर जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. सिलिंडर, व्हॉल्व्ह, ट्रिगर यांना मात्र बाहेरच्या कारागिराचा हात लागू देऊ नका.

पेलेट

१० मीटरसाठी चपट्या तोंडाचे ४.५ मिलिमीटरचे पेलेट लागतात, रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचे. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. ती डोक्याची मापं, आणि प्रत्येक बॅरलला त्यातलं एखादंच मानवतं. म्हणून एकदम दहा डबे घेऊ नका, एकेक डबा घेऊन टेकून मारून बघा. चांगल्या बॅरलमधून जमलेला पेलेट दहा गोळ्यांत पाच-सहा मिलिमीटरचं एकच भोक पाडतो.

रोजच्या सरावाला स्वस्त पेलेट चालतात, पण डबा उघडून आधी बघा. चमचाभर पेलेट काचेवर ओता आणि भिंगातून त्यांची मागची पोकळ कडा तपासा. चेपलेली, दातेरी, शिशाचा कण चिकटलेली कडा ज्यांची आहे ते बाजूला काढा. गुजरीत ओळखीचे सराफ असतील तर त्यांच्या काट्यावर थोडे पेलेट तोलून घ्या. वजनात मोठा फरक सापडला तर तो डबा फक्त पोझिशनच्या सरावाला ठेवा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलांना खायला देऊ नका आणि पेलेट तोंडात धरायची सवय लागू देऊ नका.

बॅग आणि बारीकसारीक

‘टॅक्टिकल’ मालातली एकच गोष्ट खरोखर कामाची असते, ती म्हणजे बॅग. तिथे कापडावरचा आकडा बघा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५०० किंवा १००० डेनियरचं नायलॉन रोजच्या बसप्रवासाला पुरतं. कापड उजेडासमोर धरा, आतला लेप सारखा असायला हवा. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे नुसती सरळ शिवण आहे की आडव्या टाक्यांची दाट पट्टी, हे बघा. दाट पट्टी नसेल तर तो जोड पहिल्या वर्षात उसवतो. चेन कोपऱ्यावर पाच-सहा वेळा ओढून बघा, स्वस्त चेन अडकते ती कोपऱ्यातच. रायफलीसाठी मात्र मऊ बॅग नको. फोम असलेली कडक पेटी घ्या, कारण साइटला बसलेला एक धक्का सगळा झिरो घालवतो.

ब्लाइंडर घरी बनतो. पांढऱ्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या डब्याचं झाकण ३० मिलिमीटर रुंद कापा. काळा कागद लावू नका, डोळा झाकून अंधार झाला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. सेफ्टी फ्लॅगसाठी गवत कापायच्या मशीनची भडक नारिंगी नायलॉनची दोरी चालते, फक्त ती बॅरलच्या दोन्ही टोकांबाहेर दिसेल एवढी लांब हवी. खरेदीच्या यादीत ही दोरी सगळ्यात वर लिहा.

व्यवहार करताना

४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण ती अधिकृत विक्रेत्याकडूनच, ओळखपत्र देऊन आणि पक्कं बिल घेऊन घ्या. सेकंड हँड घेताना मूळ बिलाची प्रत आणि रायफलीचा नंबर जुळतो का ते बघा. बिल नसलेली रायफल प्रवासात आणि स्पर्धेत दोन्हीकडे डोकेदुखी होते.

जॅकेट, पॅन्ट, शूज यांच्या बाबतीत विकणाऱ्याकडून लिहून घ्या की तपासणीत बाद झालं तर माल परत घेतला जाईल. नियमांत बदल होत राहतात, म्हणून चालू नियमपुस्तक सरांकडून किंवा मॅडमकडून वाचून घ्या आणि मापं वहीत उतरवून खरेदीला जा. जुनं साहित्य असेल तर पूर्ण पैसे देण्याआधी एक दिवस रेंजवर नेऊन बघण्याची परवानगी मागा. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो बहुतेक वेळा हो म्हणतो.

घरी आणल्यावर जॅकेट कपाटात घडी करून ठेवू नका, जाड हँगरवर टांगा. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून सरावाहून आल्यावर पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. रायफलीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला.